महानगरात भाड्याचं घर: शहर की उपनगर, हिशोब कसा मांडावा

जाहिरातीत छापलेलं भाडं आणि महिनाअखेरीस खात्यातून खरोखर गेलेले पैसे, हे दोन आकडे सहसा जुळत नाहीत. शहराच्या मध्यभागातलं घर महाग दिसतं, कारण त्याची सगळी किंमत एकाच ठळक आकड्यात समोर येते. उपनगरातल्या घराची किंमत मात्र विखुरलेली असते: थोडी भाड्यात, थोडी रेल्वेच्या पासात, थोडी रात्री उशिराच्या टॅक्सीत आणि बरीचशी झोपेच्या तासांत. नव्याने आलेला माणूस फक्त पहिला आकडा बघतो आणि वर्षभराचा करार करून बसतो.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. यातली उदाहरणं कुठल्याही एका चलनात दिलेली नाहीत. तुमच्या हातात पडणारा महिन्याचा पगार १०० भाग धरा आणि बाकी सगळं त्या भागांत मोजा. शहर कुठलंही असलं तरी हिशोब असाच मांडता येतो.

पहिली पायरी: आधी वरची मर्यादा ठरवा

‘पगाराच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त भाडं नको’ हा सल्ला जगभर ऐकू येतो. तो आला कुठून हे पाहिलं तर त्याला किती मान द्यायचा ते कळतं. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही असा नियम झाला, आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के केली गेली. म्हणजे हा आकडा अनुदानाच्या हिशोबासाठी ठरवलेला होता. पुढे तो सगळ्यांच्याच तोंडी बसला. न्यूयॉर्कमध्ये घरमालक ‘वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवं’ असं म्हणतात, तोही हाच नियम आहे: १२ भागिले ४० म्हणजे तीस टक्के. फक्त तिथे करापूर्वीचा पगार धरतात. करकपातीनंतर हेच भाडं हातातल्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, त्यामुळे एजंट ‘तुम्ही पात्र आहात’ म्हणाला म्हणजे तुम्हाला परवडतं असं नाही.

माझ्या मते नवख्या माणसाने घर आणि प्रवास यांची एकत्र मर्यादा घालावी. शिकागोतली ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ ही संस्था अशीच मोजणी करते: घर आणि वाहतूक मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत. यातला ४५ हा आकडा कमी-जास्त करा, पण दोन्ही खर्च एकाच पिशवीतले आहेत हे विसरू नका. गावाकडे पैसे पाठवायचे असतील, शिक्षणाचं कर्ज फेडायचं असेल, तर ते आधी वजा करा आणि उरलेल्या रकमेवर टक्के काढा.

दुसरी पायरी: जाहिरात वाचायला शिका

भाड्यात काय काय आलं हा पहिला प्रश्न. जर्मनीत तर ‘थंड भाडं’ आणि ‘गरम भाडं’ असे दोन आकडेच असतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचं. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे धरून. गंमत म्हणजे गरम भाड्यातही घरातली वीज बहुधा नसतेच, आणि हीटिंग-पाण्याचे पैसे आगाऊ अंदाजाने घेतात. वर्षाखेरीस हिशोब होतो आणि जास्त वापर निघाला तर वरचे पैसे भरावे लागतात. तुमच्या शहरात हे शब्द नसतील, पण दोन आकड्यांचा हा घोळ असतोच. सोसायटीचा मेंटेनन्स, पार्किंग, पाणी, वीज, गॅस, इंटरनेट, घराचा विमा, यातलं प्रत्येक कोण भरणार हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गेल्या वर्षीची विजेची आणि हीटिंगची बिलं मागायला संकोच करू नका. वरच्या मजल्यावरच्या, तिन्ही बाजूंनी उघड्या भिंती असलेल्या घराचं भाडं कमी असतं आणि बिल जास्त.

क्षेत्रफळाचाही असाच खेळ असतो. एक चौरस मीटर म्हणजे साधारण १०.७६ चौरस फूट. पण त्याआधी हे विचारा की मोजलेली जागा भिंतींच्या आतली आहे की भिंती, बाल्कनी आणि जिन्याचा वाटा धरून. खोल्यांची मोजणीही देशागणिक बदलते. जर्मनीत ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे बहुतेक वेळा एक झोपायची खोली आणि एक बैठकीची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत धरत नाहीत. शिवाय तिथल्या कित्येक घरांत स्वयंपाकघराची खोली असते पण ओटा, शेगडी, कपाटं काहीच नसतं, ते सगळं स्वतः आणायचं. तो खर्च कोणत्याच जाहिरातीत दिसत नाही.

‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे वाक्य कुठेही दिसलं की सावध व्हा. जपानमध्ये निदान त्याला नियम आहे: जाहिरातीत ८० मीटर चालणं म्हणजे एक मिनिट धरतात. दहा मिनिटं म्हणजे ८०० मीटर. सिग्नलला थांबणं, चढ, लिफ्टची वाट आणि प्लॅटफॉर्मपर्यंतचा जिना त्यात नसतो. जिथे असा नियमही नाही तिथे दहा मिनिटं म्हणजे एजंटच्या स्कूटरची दहा मिनिटं असू शकतात. स्वतः चालून बघा, तेही सामानाची पिशवी हातात घेऊन.

आणि ‘एक महिना मोफत’. समजा भाडं ३० भाग आहे, करार बारा महिन्यांचा, त्यातला एक महिना फुकट. वर्षभरात ३३० भाग द्याल, म्हणजे महिन्याला २७.५. आता नूतनीकरणाच्या वेळी घरमालक दहा टक्के वाढ मागतो, ती ३० वर. नवीन भाडं ३३. तुमच्या दृष्टीने २७.५ वरून ३३, म्हणजे थेट वीस टक्के वाढ. सवलत घ्यायला हरकत नाही, पण घराची तुलना करताना ३० हाच आकडा धरा.

तिसरी पायरी: चावी हातात येण्याआधीचे पैसे

बहुतेक नवखे लोक इथे अडकतात. ३० भाग भाड्याच्या घरासाठी तीन महिन्यांचं डिपॉझिट ९०, पहिल्या महिन्याचं भाडं ३०, एक महिन्याची दलाली ३०, सामान हलवणं आणि गाद्या-भांडी-पडदे मिळून १५ धरले, तर पहिल्या दिवशी १६५ भाग लागतात. पहिला पगार यायच्या आत दीड पगाराहून जास्त रक्कम!

यातले ९० परत यायचे आहेत, म्हणून त्यांना खर्च म्हणता येत नाही. पण ते अडकतात, आणि ते उसने घेतले असतील तर त्यावरचं व्याज हा खराखुरा खर्च आहे. दलाली आणि हलवाहलवीचे ४५ मात्र गेलेच. हे ४५ भाग राहण्याच्या महिन्यांवर वाटा: एक वर्ष राहिलात तर महिन्याला ३.७५, दोन वर्षं राहिलात तर १.९ च्या आत. म्हणून ‘आत्ता हे घेऊ, सहा महिन्यांनी बदलू’ हा विचार वाटतो त्यापेक्षा बराच महाग पडतो.

किती मागितलं तर योग्य, हे त्या शहराच्या कायद्यावर आहे, आणि कायदा माहीत नसलेल्या माणसाकडूनच जास्तीचं मागितलं जातं. जर्मनीत डिपॉझिटची कमाल मर्यादा तीन महिन्यांचं थंड भाडं आहे, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. इंग्लंडमध्ये २०१९ पासून, वार्षिक भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर, पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात त्याच वर्षापासून एक महिन्याची मर्यादा आहे. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिने म्हटलं आहे, पण तो केंद्राने राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे. तुमच्या राज्याने तो स्वीकारला आहे का ते पाहावं लागतं. दलालीचंही तसंच. ज्याने एजंट नेमला त्यानेच पैसे द्यायचे, हे तत्त्व जर्मनीने २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०२५ मध्ये लागू केलं.

काही देशांत पद्धतच निराळी असते. जपानमध्ये घरमालकाला ‘रेइकिन’ देण्याची रीत अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. ती कृतज्ञतेची रक्कम, परत मिळत नाही. दक्षिण कोरियात ‘जोन्से’ करारात महिन्याचं भाडंच नसतं. त्याऐवजी घराच्या किमतीचा मोठा हिस्सा घरमालकाकडे ठेवायचा आणि मुदत संपल्यावर पूर्ण परत घ्यायचा. भाडं वाचतं खरं, पण घरमालकच कर्जात बुडाला तर आयुष्याची पुंजी अडकते. तिथे अलीकडच्या वर्षांत अशी फसवणूक इतकी वाढली की २०२३ मध्ये पीडितांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

चौथी पायरी: अंतर किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत मोजा

मध्यापासून दूर गेलं की भाडं का उतरतं याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ साली नीट मांडलं होतं: प्रवासाचा खर्च आणि त्रास वाढतो, त्याची भरपाई म्हणून लोक जागेसाठी कमी पैसे द्यायला तयार होतात. म्हणजे उपनगरातलं स्वस्त भाडं ही कोणी दिलेली सूट नव्हे. तुम्ही करणार असलेल्या प्रवासाची मजुरी त्यात आधीच वजा केलेली असते. मग बाजाराने तुमच्यासाठी ती बरोबर वजा केली आहे का, एवढंच तपासायचं उरतं. बाजार सरासरी माणसाचा हिशोब करतो. तुमचं ऑफिस, कामाचे दिवस आणि सवयी सरासरीहून वेगळ्या असतील, तर फायदा तिथेच सापडतो.

जलद गाडी थांबते ते स्टेशन बावीस किलोमीटरवर असूनही पंचवीस मिनिटांचं असू शकतं, आणि फक्त धीम्या गाडीचं स्टेशन बारा किलोमीटरवर असून चाळीस मिनिटांचं. भाडी या मिनिटांच्या मागे धावतात, पण तंतोतंत नाही. जलद स्टेशनच्या एक स्टेशन पुढे किंवा मागे, जिथून एक स्टेशन उलटं जाऊन जलद गाडी पकडता येते, तिथे बऱ्याचदा चांगला सौदा मिळतो. गाडी जिथून सुटते ते शेवटचं स्टेशनही बघा: बसायला जागा मिळाली तर पन्नास मिनिटं वाचनात जातात, उभ्याने, कोणाच्या तरी कोपराखाली तीस मिनिटंही जड जातात.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडलं: साधनं बदलली, शहरं पसरली, तरी माणसं रोजच्या ये-जा करण्याला सरासरी तासभरच देतात. तासाच्या वर गेलेला वेळ माणसाला टोचतो, असा अर्थ मी त्यातून घेतो. महानगरात मात्र त्याला थोडी सूट द्यावी लागते: दारापासून दारापर्यंत एका बाजूची वेळ पाऊण तासाच्या आत बसत असेल तर निश्चिंत राहा. पाऊण ते सव्वा तास असेल तर पुढची बेरीज काळजीने करा. त्याच्याही वर असेल तर भाडं फारच कमी हवं, किंवा ऑफिसचे दिवस फारच कमी.

वेळ मोजायची ती कामाच्या दिवशी, तुमच्याच वेळेला, प्रत्यक्ष जाऊन. रविवारी दुपारी घर बघायला जाऊन ‘किती जवळ आहे’ म्हणणं हा सर्रास दिसणारा घोटाळा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते पाहा. ती साडेअकराची असेल आणि तुमचं काम महिन्यातून चारदा बारापर्यंत लांबत असेल, तर चार टॅक्सींचे पैसे भाड्यात मिळवा.

पासाची रचना कशी आहे यावर तर सगळा निकाल फिरू शकतो. लंडनमध्ये प्रवासभाडं झोनवर, म्हणजे मध्यापासूनच्या अंतराच्या पट्ट्यांवर आहे: जितके बाहेरचे झोन, तितका पास महाग. पॅरिस परिसरात सप्टेंबर २०१५ पासून मासिक पास सगळ्या झोनसाठी एकाच किमतीचा आहे, त्यामुळे दूर राहण्याचा दंड पैशांत नाही, फक्त वेळेत भरावा लागतो. फ्रान्समध्ये पासाची निम्मी रक्कम कंपनीला द्यावी लागते, आणि जपानी कंपन्या ये-जा करण्याचा भत्ता सर्रास देतात. तेव्हा नोकरीच्या पत्रात ही ओळ शोधा. असेल तर उपनगराचं पारडं लगेच जड होतं.

मात्र ज्या उपनगरात गाडीशिवाय दूध-भाजीही आणता येत नाही, ते स्वस्त उपनगर नव्हेच. हप्ता, इंधन, विमा, पार्किंग, दुरुस्ती धरली की भाड्यातला फरक बहुतेक वेळा तिथेच संपतो. घरात दुसरी गाडी लागणार असेल तर बेरीज करायचे कष्टही घेऊ नका.

पाचवी पायरी: दोन घरं शेजारी मांडा

आता कागद घ्या. शहरातलं घर: सगळे वरखर्च धरून ३८ भाग, पास ३, एका बाजूला ३५ मिनिटं. उपनगरातलं तेवढंच घर: २६ भाग, पास ७, एका बाजूला ८० मिनिटं.

भाड्यात वाचले १२, पासात गेले ४. रोख बचत ८. इथेच थांबलात तर उपनगर जिंकलं.

पण रोज दीड तास जास्त जातोय. महिन्याला २२ दिवस धरले तर ३३ तास. महिन्याच्या १७६ कामाच्या तासांचे तुम्हाला १०० भाग मिळतात, म्हणजे तासाला ०.५७. प्रवासात गेलेल्या वेळेची किंमत साधारण मजुरीच्या निम्मी धरण्याचा प्रघात आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा हिशोबही स्थानिक खासगी प्रवासासाठी उत्पन्नाच्या ताशी दराचा निम्मा भाग धरतो. तर ०.२८४ ने ३३ तासांचे साधारण ९.४ भाग झाले. वाचवलेले ८ त्यात बुडाले आणि वर दीड भाग तोटा.

आता तोच माणूस आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जातो असं समजा. महिन्याला नऊ दिवस, साडेतेरा तास, म्हणजे ३.८ भाग. सुट्या तिकिटांमुळे प्रवासाचा फरक २ वर आला असं धरू. १२ वजा २ वजा ३.८ म्हणजे ६.२ भागांचा निव्वळ फायदा. घरं तीच, पगार तोच, निकाल मात्र उलटा. म्हणून कंपनीचं ‘घरून काम’ धोरण तोंडी आहे की लेखी, हे घर शोधण्याआधी विचारा. तोंडी धोरणावर विसंबून लांबचं घर घेऊ नये.

घरात किती माणसं आहेत यानेही पारडं हलतं. भाड्यातला फरक घरामागे एकदाच मिळतो, प्रवासाचा फरक मात्र माणशी पडतो. तिघं मित्र मिळून घर घेत असतील, तर १२ भागांची बचत वाटून प्रत्येकाला ४ येते आणि प्रत्येकाचा पास ४ ने महाग होतो: हातात शून्य. तिघांना घर मोठं लागेल, फरक थोडा वाढेल हे खरं, तरी खोली वाटून घेणाऱ्यांनी मध्यभागाजवळच राहावं असं मी सांगेन. उलट, एकच जण ये-जा करतो, घरात मुलं आहेत, दोनऐवजी तीन खोल्या लागतात, तर जास्तीच्या प्रत्येक खोलीमागे फरक वाढत जातो आणि उपनगर सरस ठरतं.

मनःशांती, झाडं, शेजार यांना आकडे लावू नका. बेरजेत दोन-तीन भागांचाच फरक निघाला तर खुशाल मनाचं ऐका.

सहावी पायरी: सही करण्याआधी

शक्य असेल तर पहिले चार-सहा आठवडे अल्पमुदतीची खोली घ्या, दर जास्त पडला तरी. दूर बसून, फोटो बघून वर्षाचा करार करणाऱ्याला वाईट घर तरी मिळतं किंवा घरच मिळत नाही. आसपासच्या घरांपेक्षा बरंच स्वस्त, घरमालक परदेशात, चावी कुरिअरने, आधी ‘टोकन’ पाठवा: या चार गोष्टी एकत्र आल्या की संभाषण संपवा. घर आतून बघितल्याशिवाय आणि समोरच्याला ते भाड्याने देण्याचा अधिकार आहे याचा कागद पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दिले तर बँकेतून, पावतीसह.

करारात पाच गोष्टी शोधा: भाडेवाढ कधी आणि किती, नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडलं तर काय कापणार, दुरुस्ती कोणाकडे, डिपॉझिट किती दिवसांत परत. भाडेवाढीवर कायद्याची मर्यादा आहे का तेही बघा. जर्मनीत चालू कराराचं भाडं तीन वर्षांत साधारण २० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि घरांची टंचाई असल्याचं जाहीर झालेल्या शहरांत १५ टक्के. ताबा घेताना भिंती, नळ, फरशी, मीटरचे आकडे यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. डिपॉझिट परत मिळवायला याहून उपयोगी दुसरं काही नाही.

हंगाम सांभाळता आला तर पाहा. टोकियोत एप्रिलमध्ये नवं शैक्षणिक आणि नोकरीचं वर्ष सुरू होतं, त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरांवर उड्या पडतात. विद्यापीठांच्या शहरांत सत्र सुरू होण्याआधीचे दोन महिने असेच.

सातवी पायरी: करार संपत येताना

मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा आणि त्या दिवशी त्याच भागातल्या तशाच घरांची भाडी बघा. वर पाहिलं तसं घर बदलायचा खर्च ४५ भाग आहे. ३० च्या भाड्यावर तो एका वर्षात वाटला तर १२.५ टक्के पडतो. म्हणजे पुढे एकच वर्ष राहायचं असेल आणि घरमालक दहा टक्के वाढ मागत असेल, तर तेवढंच घर जुन्या भाड्यात समोर मिळत असलं तरी हलण्यात फायदा नाही. दोन वर्षं राहायचं असेल तर हीच सीमा सव्वासहा टक्क्यांवर येते, आणि तेव्हा बोलणी करायला जागा असते. घरमालकाचंही गणित त्याला दाखवा: घर एक महिना रिकामं राहिलं तर त्याचं वर्षाच्या भाड्यातलं सव्वाआठ टक्क्यांहून जास्त उत्पन्न जातं, आणि नव्या भाडेकरूसाठी रंग काढायचा खर्च वेगळा. वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाने दहाऐवजी पाच टक्के म्हटलं, तर बरेच घरमालक ऐकतात.